कागद द्या, बाकी आम्ही बघतो

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना पडद्यावर भराभर ओळी सरकतात. सापडलेल्या प्रत्येक उपकरणामागे एक ओळ. एखाद्या ओळीत कंपनीचं नाव असतं, वस्तूचा क्रमांक असतो आणि शेवटी दोन शब्द: ‘नॉट कॉन्फिगर्ड’. कार्ड जागेवर आहे, वीज खातंय, त्याचे पूर्ण पैसे मोजलेत; पण त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे प्रणालीला कुणी सांगितलेलंच नाही. मग लोक लिनक्स-बीएसडीला नावं ठेवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो लिहायला लागतो एक तक्ता. कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा टाकला की चिप काय करते, एवढं सांगणारा. तो कंपनीकडे असतोच. त्यावाचून तिने स्वतःचा विंडोजचा ड्रायव्हर कसा लिहिला असता? तो बाहेर द्यायचा खर्च एका पीडीएफ फाइलएवढा. तरीही वर्षानुवर्षं मागणाऱ्याला टोलवलं जातं. कधी ‘व्यापारी गुपित’ म्हणून, कधी ‘गोपनीयतेच्या करारावर सही करा, मग बघू’ म्हणून. सही करून मिळालेला कागद सही करणाऱ्यापाशीच अडकतो. पाच वर्षांनी त्या ड्रायव्हरमधली चूक दुसराच कुणी दुरुस्त करायला बसेल, त्याच्या हाती काय?

रिअलटेकची ८१३९ ही नेटवर्क चिप आठवा. शंभर मेगाबिटची, तैवानी, अतिशय स्वस्त. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसींमध्ये एके काळी सर्रास असायची. तिची रचना तशी गचाळच. आलेली सगळी पाकिटं ती एकाच सलग बफरमध्ये कोंबते, त्यामुळे प्रोसेसरला एकेक पाकीट तिथून उचलून दुसरीकडे उतरवून घ्यावं लागतं. पाठवायला जागा चारच. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी कोडच्या माथ्यावरच चिपची मनसोक्त खरडपट्टी काढली आहे. पण ती काढता आली, कारण दोष नेमका कुठे आहे ते कागदावर दिसत होतं. डेटाशीट खुली होती. म्हणून ही चिप लिनक्सवर चालते, तिन्ही बीएसडींवर चालते, आणि छंद म्हणून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारी मुलं नेटवर्कचा पहिला ड्रायव्हर बहुधा हिचाच लिहितात. क्यूएमू हा एमुलेटर तर कार्ड नसतानाही तिची हुबेहूब नक्कल पुरवतो. भारी, देखण्या, पण कागद दडवलेल्या किती चिपा तोवर भंगारात गेल्या!

आता २००५ सालचा मे महिना. कॅनडातल्या कॅलगरीहून चालणाऱ्या ओपनबीएसडीची ३.७ ही आवृत्ती आली. अ‍ॅडाप्टेक कंपनीच्या रेड (RAID) कार्डांचा एक ड्रायव्हर तिच्यात बंद करून टाकला होता. रेड कार्डाचं कामच मुळी डिस्क मेली की ओरडून सांगायचं आणि नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभी करायची. त्यासाठी लागणारे कागद प्रकल्पाने मागितले, पुन्हा पुन्हा मागितले. कंपनीने दिले नाहीत. प्रकल्पाचे संस्थापक थिओ डी राट आणि मंडळींनी मग आधारच काढून घेतला. वापरणारे चिडले. मला तो निर्णय शंभर टक्के पटतो. डिस्क गेल्याचं कळवता येत नसेल, तर ‘आमच्याकडे हे कार्ड चालतं’ असं म्हणणं ही लोकांच्या माहितीशी केलेली दगाबाजी आहे. त्याच ३.७ मध्ये रालिंक या तैवानी कंपनीच्या वायरलेस चिपांचा नवा ड्रायव्हर आला. रालिंकने कागद दिले होते. एवढाच फरक.

काही कंपन्या मधला मार्ग काढतात: कागद देत नाही, तयार बायनरी ड्रायव्हर घ्या. हा मार्ग सगळ्यात घातक. कार्डाच्या आत, कार्डाच्याच प्रोसेसरवर चालणारं फर्मवेअर वेगळं. ओपनबीएसडीही ते चालवून घेतं. पण बंद ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात बसतो, सगळी मेमरी त्याच्यासमोर उघडी, आणि आत काय चाललंय ते कुणालाच वाचता येत नाही. कर्नल बदलत जातो. कंपनीचा रस संपला की तो ड्रायव्हर जागच्या जागी कुजतो. एनव्हिडियाच्या एन-फोर्स मदरबोर्डवरच्या नेटवर्क चिपचे कागद मिळेनात, तेव्हा लिनक्सवाल्यांनी बंद ड्रायव्हरचं वागणं तपासत तपासत स्वतःचा लिहिला. किती माणसांच्या किती रात्री गेल्या असतील त्यात! याच कंपनीला लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमध्ये भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं. ग्राफिक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग तिने खुला केला तो २०२२ च्या मे महिन्यात, आणि बाकीचा बराचसा अजून बंदच.

फुकट काम करायला माणसं मिळत नाहीत, ही सबबही चालत नाही. लिनक्स कर्नलवर काम करणारे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००७ च्या जानेवारीत जाहीरच केलं होतं: माहिती द्या, लिनक्सचा ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देतो आणि पुढे सांभाळतोही.

तेव्हा नवं कार्ड घेताना दुकानदाराला विचारत बसू नका. ड्रायव्हरचं मॅन्युअल पान उघडा. चालणाऱ्या चिपांची यादी तिथे असते. तुमच्या कार्डाची चिप तिच्यात नसेल तर पैसे खिशात ठेवा, आणि ते का ठेवलेत हे दोन ओळींत कंपनीला लिहून कळवा. शाळेसाठी, कार्यालयासाठी पन्नास-शंभरांची खरेदी तुमच्या हातात असेल, तर हीच अट निविदेत घाला.