शिट्टीचा चेहरा

नाशिकच्या द्वारका चौकात कुणाचा चेहरा नीट दिसत नाही आणि कुणाचा शब्द नीट ऐकू येत नाही. तरीही समोरचा आपल्यावरच चिडलाय, याबद्दल प्रत्येकाची खात्री असते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांच्या अंगावर येतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली सिटीलिंकच्या बस आणि ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ म्हणून ओरडणाऱ्या रिक्षा. निम्मे चेहरे हेल्मेटात, उरलेले स्कार्फात. अशात मागून कर्कश हॉर्न वाजला की आरशातला ट्रकवाला साक्षात जरासंध दिसतो, ज्याच्यापायी कृष्णाला द्वारका गाठावी लागली तो. हॉर्न थांबल्यावर पाहावं, तर बिचारा निवांत तंबाखू मळतोय.

याला जबाबदार आपला मेंदू. डोळ्यांची साक्ष वेगळी आणि कानांची वेगळी, असा खटला तो चालवतच नाही. 1976 मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी लोकांना ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले आणि त्यावर ‘बा’ हा आवाज लावला. बहुतेकांना ऐकू आलं ‘डा’, जे कुणी म्हटलंच नव्हतं! भावनांचंही तेच. 2000 मध्ये बेआट्रिस द गेल्डर आणि जीन व्रूमन यांनी धड हसरे नाहीत, धड रडवे नाहीत असे चेहरे दाखवले आणि सोबत कधी आनंदी, कधी उदास आवाज ऐकवला. आवाजाकडे लक्ष देऊ नका, असं बजावूनसुद्धा चेहऱ्याबद्दलचं मत आवाजाच्या बाजूला झुकलंच. चौकातल्या वाहतूक पोलिसाचं काय होत असेल, बघा. तो मनात चहाचा विचार करत असला, तरी शिट्टीमुळे त्याच्या भुवया आपल्याला चढलेल्याच दिसतात.

हे गुपित सिनेमावाल्यांना आधीच ठाऊक असणार. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती होते अण्णा साळुंके, त्याआधी उपाहारगृहात स्वयंपाक करणारे. मूकपटाच्या खेळाला पडद्यापाशी पेटी-तबला वाजायचा. तारामतीच्या दुःखातला निम्मा वाटा पेटीवाल्याचा असावा, असा माझा जुना संशय आहे.

परवा सिग्नलला आमच्या रिक्षाशेजारी एक स्कूटर थांबली. मागे स्कार्फातल्या बाई हातवारे करून तावातावाने बोलत होत्या, पुढचं हेल्मेट नुसतं डुलत होतं. एक बस सतत भोंगा वाजवत होती. रिक्षातल्या आम्ही सगळ्यांनी हे भांडण कडाक्याचं ठरवलं. एवढ्यात बस हलली आणि वाक्य स्पष्ट कानी आलं, “अहो, म्हणूनच म्हणते, ताईंना रविवारी जेवायलाच बोलवू!”

आम्ही ओशाळून हसलो. रिक्षावाल्याने मात्र निकाल फिरवला नाही. “नणंदेला जेवायला ना?” गिअर टाकत तो म्हणाला, “मग भांडणच की, भाऊ.”