शिष्यवृत्ती खातं मुकादमाकडे द्या

नंदुरबारला कुणी मागास म्हटलं की आमचं डोकं फिरतं. राज्यात पहिला नंबर कुणाचा, ते आधी बघा. लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक एक, नंदुरबार. विधानसभेचा क्रमांक एक, अक्कलकुवा. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी खुद्द आले होते. 2011 च्या जनगणनेत आमची साक्षरता 64.38 टक्के, राज्यात सगळ्यात कमी. पण यादी खालून वाचा, तिथेही आम्ही पहिलेच. पुढे 2018 साली नीती आयोगाने देशभरातले मागे पडलेले जिल्हे निवडले. त्यातही आमचा नंबर लागला आणि त्या दिवसापासून आम्ही मागास उरलो नाही. आम्ही 'आकांक्षित' झालो. मागासाला निधी द्यावा लागतो. आकांक्षिताला डॅशबोर्ड पुरतो.

तर एवढे सगळे पहिले नंबर पाठीशी घेऊन परवा एक पोरगा ऑनलाइन सेंटरच्या बाकड्यावर बसला होता. धडगावकडचा, बीएच्या दुसऱ्या वर्षाचा. मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत त्याची अख्खी जन्मकुंडली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बारावीचं गुणपत्रक, टीसी, बोनाफाईड, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. मी लाईटबिलाची झेरॉक्स काढायला गेलो होतो. पिशवी बघून विचारलं, "काय रे भो, लग्न जमवायला निघालास का?"

"नाही नाना, शिष्यवृत्ती. फॉर्म सेंट बॅक झालाय."

"का?"

"कागद अस्पष्ट आहे म्हणे."

"कोणता?"

"ते नाही लिहिलं."

याला म्हणतात उच्च शिक्षण. प्रश्न सरकारने विचारायचा, आणि तो कोणता, हेही विद्यार्थ्यानेच शोधून काढायचं.

बीएवाल्याचं निदान जातीच्या दाखल्यावर भागतं. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं मनात आलं, तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातीसाठी त्यात 6 सप्टेंबर 1950 ही तारीख मोलाची. त्याआधीचा पुरावा असेल तर उत्तम: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर एखादी महसुली नोंद. आता 1950 साली सातपुड्यातल्या किती पाड्यांवर शाळा होत्या, हे सातपुड्याला ठाऊक आहे. ज्या सरकारदरबाराने पणजोबाच्या पाड्यावर शाळा काढली नाही, तोच आज पणतूला विचारतो, तुझा पणजोबा शाळेत का गेला नाही? नंदुरबारला 2020 साली शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दार गावात आलं. दाराची किल्ली मात्र 1950 मध्येच राहिली. आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. ती माउली कधी शाळेत गेली नाही. आज तिथे प्रवेश घ्यायला आली असती, तर खिडकीवरच्या बाबूने मान वर न करता सांगितलं असतं, "बाई, टीसी आणा."

आता पैशाचं बोलू. सरकार शिक्षणावर खर्च करत नाही, असं म्हणणाऱ्याची जीभ झडो. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, एवढीच अट. तिच्यात निर्वाहभत्ता मिळतो. 2010 साली ठरलेल्या दराने बीएच्या मुलाला, तो घरून ये-जा करत असेल तर, महिन्याला 300 रुपये. दिवसाचे दहा. म्हणजे दिल्लीतल्या कुणीतरी हिशेब करून आमच्या पोराची रोजच्या एका चहाची सोय लावली आहे. तेव्हापासून चहाचा भाव किती वेळा वाढला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पेपराला येऊ शकतो. भत्त्याचा येणार नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना येतं.

वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर 2016 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय 'स्वयम्' योजना आहे. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला 60,000, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. त्या 43,000 पैकी जेवणाचे 25,000. भागाकार करून बघितला: दिवसाला 68 रुपये 49 पैसे, दोन्ही वेळचे मिळून. योजनेला नाव मात्र चपखल शोधलं आहे. वसतिगृह सरकारने बांधायचं होतं, ते झालं नाही. तेव्हा आता खोली स्वयम् शोधा, भाकरी स्वयम् थापा, आणि हप्ता येईपर्यंत उपासही स्वयम् करा. 2018 साली तर वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं. जुलैमध्ये आदिवासी पोरं त्याविरोधात पुण्याहून नाशिकला पायी निघाली. 'आम्हाला खात्यात नको, ताटात द्या' एवढंच त्यांचं म्हणणं होतं. इतकी सोपी मागणी समजायला सरकारला फार उच्च शिक्षण लागतं.

मुलींचं तर विचारूच नका. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू? पण गावोगावच्या फलकांवर गेलं ते एवढंच, 'मुलींना उच्च शिक्षण मोफत'. आता अक्राणीतल्या आदिवासी मुलीची फी कागदावर आधीपासूनच माफ होती. तिला कॉलेजात जाऊ देत नाही ती फी नव्हे. डोंगर उतरून शहाद्याला येणारी एसटी, शहाद्यातली खोली, खोलीचं डिपॉझिट आणि 'एकटी राहशील का?' हा आजीचा प्रश्न, यांच्यापैकी एकही गोष्ट कुठल्या शासन निर्णयाच्या परिशिष्टात बसत नाही. त्यात नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी आणली: देशातल्या निवडक 860 संस्थांत ज्याला प्रवेश मिळाला, त्याला तारणाशिवाय कर्ज. विहिरीच्या काठावर जो स्वतःच चढून आला, त्याला दोर.

एवढ्या योजना कशाला, शिक्षणावर सरळ पुरेसा पैसा का खर्च करत नाही, असं कुणी भाबडा विचारेल. करणार आहेत हो. कोठारी आयोगाने 1966 साली सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. 1968 च्या धोरणात सरकार म्हणालं, करतो. 1986 च्या धोरणात म्हणालं, नक्की करतो. 2020 च्या धोरणात म्हणालं, आता तर करतोच. आमच्याकडे नवस बोलून फेडला नाही, तर देवी अंगात येते. सरस्वती बिचारी शांत स्वभावाची.

हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, पैसे येतात पण. फक्त वर्ष संपल्यावर येतात."

"मग तोवर काय करतोस?"

"बा मुकादमाकडून उचल घेतो ना."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं आम्ही शिक्षणखात्याची सुधारणा मुंबईत शोधत होतो, आणि ती दिवाळी संपली की ट्रक घेऊन पाड्यावर येते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यातली हजारो माणसं हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम प्रत्येक कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, तिचं नाव उचल. त्यासाठी ना पोर्टल, ना पासवर्ड. पाड्यावर येतो, खाटेवर बसतो, कोण कुणाचा पोरगा हे त्याला तोंडपाठ असतं, त्यामुळे जात, रहिवास आणि उत्पन्न यांची पडताळणी पाणी पिता पिता होते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे की नाही, हे तो घराच्या कुडाकडे बघून सांगतो. नोटा मोजून हातात ठेवतो आणि मग सहा महिने काम घेतो. सरकारचं उलटं. ते आधी पोराचं वर्ष घेतं आणि मग पैशांचा विचार करतं. आणि हे सगळं सुरळीत चालावं म्हणून मधल्या काळात बिनव्याजी कर्ज कोण देतं? धडगावचा पोरगा, सरकारला. सवलत नेमकी कोण कुणाला देतंय, याचा एकदा लेखापरीक्षणात तपास व्हायला हवा.

मुकादम संत नाही, हे मला कळतं. तो हिशेबात हात मारतो, व्याज लावतो, आणि एकदा घेतलेली उचल पुढल्या हंगामापर्यंत गळ्यात राहते. पोरगा अठराचा झाला की कॉलेजला त्याच्यात एक प्रवेश दिसतो, मुकादमाला एक नवा कोयता. या दोघांच्या शर्यतीत मुकादम जिंकतो, कारण तो वेळेवर येतो. तेवढी एकच विद्या त्याच्याकडून शिकून घ्यावी, या हेतूने मी खालील शासन निर्णयाचा मसुदा विनामूल्य सादर करत आहे.

प्रस्तावना : राज्यातील शिष्यवृत्ती वितरणात येणाऱ्या अडचणी लक्षात घेता, सदर काम मुकादमांकडे वर्ग करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन होती.

शासन निर्णय :

1. शिष्यवृत्तीस यापुढे 'उचल' असे संबोधण्यात यावे. ती जून महिन्यात, प्रवेशाच्या दिवशी, विद्यार्थ्याच्या हातात देण्यात यावी.

2. विद्यार्थी गरीब आहे किंवा कसे, याची खात्री त्याच्या घरी जाऊन खाटेवर बसून करावी. खाट नसल्यास खात्री झाली असे समजावे.

3. पणजोबांच्या शाळेचा दाखला हवा असल्यास तो शासनाने स्वतः शोधावा. शाळा शासनानेच काढायची होती, सबब तिच्या नोंदीही शासनाकडेच असाव्यात.

4. फॉर्म परत पाठवताना कारण न लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार 'सेंट बॅक' करावा. कारण लिहू नये.

5. निर्वाहभत्ता चहाच्या भावाशी जोडण्यात यावा. भाव मंत्रालयाच्या उपाहारगृहातला न धरता बाहेरच्या टपरीवरचा धरावा.

या निर्णयाला वित्त विभागाची सहमती मिळणार नाही, हे मी जाणून आहे. पण पूर्वी असं होऊन गेलं आहे. नवापूर ओलांडलं की पलीकडे सोनगढपासून बडोदा संस्थानाचा मुलूख लागायचा. त्या बडोद्याच्या सयाजीरावांनी 1913 साली एका तरुणाला अमेरिकेत शिकायला पाठवलं: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार. म्हणजे उचलच ती. फरक इतकाच की ही उचल घेणारा तरुण कोयता घेऊन नाही, लेखणी घेऊन परतला आणि त्याच लेखणीने पुढे देशाची राज्यघटना घडवली. त्या वेळी पोर्टल असतं तर भीमराव रामजी आंबेडकर या अर्जदाराचा फॉर्म कुठल्या तरी अस्पष्ट कागदापायी परत आला असता, आणि बोटीची तारीख निघून गेली असती.

इकडे सेंटरवाल्याने त्या पोराचा फॉर्म पुन्हा उघडला. "आधारचा ओटीपी जाईल आता. नंबर कुणाचा आहे?"

"बाचा. कार्ड काढलं तेव्हा मी लहान होतो."

"कुठे आहे बा?"

"बारडोलीकडे. पडावावर."

पोराने फोन लावला. लागेना. बाप फडात, फोन ट्रॅक्टरवाल्याकडे चार्जिंगला. देशातलं पहिलं आधार कार्ड ज्या जिल्ह्यात दिलं, त्या जिल्ह्यातला एक ओटीपी गुजरातेतल्या उसात बापाला शोधत फिरत होता. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी लाईटबिलाची झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवली, पण पाय निघेना.

पाऊण तासाने उलटा फोन आला. पोराने स्पीकरवर टाकला. मागे ट्रॅक्टरची घरघर. बाप शाळेत गेलेला नाही, पण वजनकाट्याच्या पावत्या बघून बघून आकडे शिकला आहे. फसवणूक टाळायला तेवढं शिकावंच लागतं. त्याने एकेक आकडा थांबत, दमाने वाचला. सहाच्या सहा बरोबर.

सेंटरवाल्याने पडद्याकडे बघितलं. "याची वेळ संपली. नवा पाठवू?"

"नको. बा परत फडात गेला. उद्या येतो."

"बरं. आजचे पन्नास."

पोराने पिशवीच्या तळातून नोट काढून दिली. सरकारी दराने त्याचं पाच दिवसांचं शिक्षण झालं होतं.