दीर्घायुष्याचा कारकून

आमचा भाचा म्हातारपण का येतं यावर संशोधन करतो, तेही कॅलिफोर्नियात. त्यामुळे घराण्यातल्या साठीपुढच्या समस्त मंडळींचा त्याच्यावर डोळा आहे. प्रत्यक्षात तो करतो काय, तर जंत डिवचतो.

जंत म्हटलेलं त्याला खपत नाही. 'सी. एलिगन्स' म्हणायचं. लांबी एक मिलिमीटर, मुक्काम मातीत, स्वभाव निरुपद्रवी. पण एवढं ऐकायला थांबतो कोण? साताऱ्याच्या मावशीनं नातवाच्या पोटदुखीवर औषध विचारलंच.

काम असं. बशीत जिवाणूंचा थर, त्यावर जंत. काचेच्या दांडीला बसवलेली प्लॅटिनमची तार घ्यायची (आमच्या घराण्यात प्लॅटिनमला हात लागलेला हा पहिलाच) आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाला हलकेच डिवचायचं. हलला तर जिवंत. नाही हलला तर पुन्हा एकदा डिवचायचं, आणि मग वहीत फुली. एखादा बशीच्या कडेवर चढून वाळून गेला, तर त्याची नोंद वेगळी. ते मरण हिशेबात धरत नाहीत. थोडक्यात, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू खात्यातल्या कारकुनाचंच काम. फक्त इथे दाखल्यासाठी नातेवाईक खेटे घालत नाहीत.

साधा जंत दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी दाखवलं, की डॅफ-टू या एका जनुकात बिघाड झाला तर त्याचं आयुष्य दुपटीहून जास्त होतं. जगाला कोण आनंद! भाच्याला विचारा. साध्या जंतांची बशी वेळेवर मोकळी होते. हे चिरंजीव महिना उलटला तरी वळवळतात. शनिवार नाही, रविवार नाही, मोजणी चालूच. एकदा व्हिडिओ कॉल चालू राहिला होता, तेव्हा मी या कानांनी ऐकलं. दीर्घायुष्याचा हा अभ्यासक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पुटपुटत होता, "मर की बाबा एकदाचा!"

केन्यनबाईंनी जंतांच्या खाण्यात साखर घालून पाहिली. ते लवकर मेले, तर बाईंनी स्वतःच्या ताटातलं गोडधोड सोडलं. भाच्याची बाईंवर अपार श्रद्धा; चहात साखर तीन चमचे. "मामा, रात्री अकराला बशा मोजायच्या, तर काहीतरी लागतं ना!" अर्धपोटी ठेवलेले उंदीर जास्त जगतात हे १९३५ पासून ठाऊक आहे, हेही त्यानंच मला सांगितलं. डोनट खाता खाता. एकादशी, दुप्पट खाशी.

वय ३८. कानशिलं पांढरी, पाठीला सूक्ष्मदर्शकाचा बाक. हुद्दा मात्र अजून 'अर्ली करिअर'. ताईनं लग्नाचा विषय काढला, की "हा पेपर निघू दे." पेपर निघत नाही, कारण जंत मरत नाहीत.

यंदा तो दिवाळीला यायचा होता. ताईनं अनारशांचं पीठ करून ठेवलेलं. निघायच्या आदल्या दिवशी फोन आला. तिकीट रद्द, एका बशीत सात जण अजून हलत होते.