आडनाव काय म्हणालात?

फर्दापूरच्या फाट्यावर चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी चौकशी सुरू केली.

"नाव काय आपलं?"

सांगितलं.

"नाही, पूर्ण नाव?"

वडिलांचं जोडलं. गृहस्थांची बशी ओठांपाशी थबकली. मालगाडीला गार्डाचा डबा नसावा तसं त्यांना वाटलं असावं.

"मूळचे कुठले?"

गाव सांगितलं.

"तिथं कुठल्या आळीत?"

"नदीकाठच्या."

मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "बाकी जेवणात सगळं चालतं ना?"

प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला काढायचा तर हेलपाटे घालून चपला झिजतात. टपरीवर तो नावापुढच्या चार प्रश्नांत मिळतो, शिक्क्यासकट. आणि या चार प्रश्नांत 'जात कोणती?' हा प्रश्न कुठेच नसतो. तसं विचारायचं नाही हे आपण शिकलोय. शाहू-फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणतात तो हाच.

आता हे फर्दापूर पाहा. जगभरचे लोक अजिंठ्याची लेणी पाहायला येतात आणि उतरतात फर्दापूरला. गाड्या इथल्या फाट्यावर ठेवायच्या आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. लेणी याच्या दाराशी, पण नाव मिळालं घाटावरच्या अजिंठा गावाला. ते गाव सिल्लोड तालुक्यात, हे सोयगाव तालुक्यात. लेण्यांखालून वाहणारी वाघूर तापीला मिळते, म्हणजे पाणी खानदेशचं. सातबारा मात्र मराठवाड्याचा, कारण हा मुलूख निजामाचा होता. 2023 साली जिल्ह्याचंही नाव बदललं. या गावाने टपरीवरच्या गृहस्थांना उत्तर द्यायचं तरी काय? मूळचे कुठले? बसा सांगत.

बस सुटली. फेरीवाल्याने पोरांना हिंदी, गोऱ्यांना इंग्रजी आणि मला मराठी लावली. कोणाला कुठली भाषा लावायची हे तो बुटांवरून ठरवतो. वर गेलो तर तिथंही शिक्क्यांचाच कारभार.

मुळात लेण्यांना नावंच नाहीत, नंबर आहेत. नालाच्या आकाराच्या कड्यावर एका टोकापासून मोजत गेले आणि आकडे टाकले. त्यामुळे सगळ्यांत जुन्यांतलं एक लेणं दहा नंबरचं आणि त्याच्यापेक्षा सहा-सातशे वर्षांनी धाकटं लेणं एक नंबरचं. वर्गात हजेरीपटावर असतं तेच. पुढे ढिगाऱ्याखाली आणखी एक लेणं सापडलं. आकडे तर वाटून झाले होते. मग त्याला दिला '15 अ'. दोन हजार वर्षांचं लेणं, पण उशिरा दिसलं म्हणून पोटभाडेकरू! आपण शोधायला उशीर केला आणि 'अ' त्याच्या कपाळी आला.

सोळा नंबरात जा. तिथं एक स्त्री मान टाकून बसली आहे, भोवती दासी धावपळ करताहेत. एकोणिसाव्या शतकात साहेबांनी तिच्यावर पाटी लावली, 'मरणासन्न राजकन्या'. सर्वांना ती फार आवडली. पुढे अभ्यासकांनी कथा जुळवून पाहिली तेव्हा कळलं की बाई मरत वगैरे नाही. ती नंदाची बायको. नवरा तिला न सांगता भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला, तो पाहून तिची शुद्ध हरपली आहे. तिचं दुःख मरणाचं नाही, सोडून गेलेल्या नवऱ्याचं आहे. पण गाइडबुकात ती शंभराहून जास्त वर्षं मरतेच आहे. बरं, तिचं खरं नाव सापडलं तेही काय, तर सुंदरी! एका पाटीतून सुटली ती दुसरीत अडकली.

एक नंबरात आणखी मजा. तिथल्या दरबाराच्या चित्रात टोकदार टोप्या घातलेले परदेशी दिसतात. फर्ग्युसनसाहेबांनी 1879 मध्ये निदान केलं, हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि हे इराणच्या खुस्रोचे वकील. झालं, 'इराणी वकिलात' ही पाटी भिंतीला चिकटली. पुलकेशी सातव्या शतकातला. हे लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे राजा जन्मायच्या शंभरेक वर्षं आधी त्याचा दरबार भरला आणि पाहुणेही येऊन बसले. श्लिंगलॉफ या जर्मन पंडिताने ही महासुदर्शन राजाची जातककथा असल्याचं मांडलं. पण टोपी दिसली की माणूस परका आणि परका दिसला की वकील, ही आपली पक्की ओळखपरेड. पंडित हरतो, टोपी जिंकते.

त्याच लेण्यात पद्मपाणी उभा आहे. हातात निळं कमळ, गळ्यात मोत्यांचा सर, कमरेत हलका बाक, पापण्या झुकलेल्या. माझ्या मागच्या रांगेत कुजबुज झाली, "बाई आहे की बुवा?" दीड हजार वर्षांपूर्वी ज्याने हा रंगवला त्याला करुणा दाखवायची होती. पीळदार दंड आणि मिशा यांशिवाय ती दाखवता येते, असं त्या काळी मानत असावेत. आज हाच गृहस्थ त्या बाकात फाट्यावर उभा राहिला असता, तर आपण त्याला दर्शनाआधी दोन शब्द ऐकवले असते आणि मग त्याच्या घरच्यांना, 'याचं लग्न करून टाका.'

दहा नंबराचं तर पुस्तक व्हावं. इथे 1819 च्या एप्रिलमध्ये मद्रास फौजेतला जॉन स्मिथ पोचला. वाघाच्या शिकारीला निघाला होता म्हणतात. लेणी 'शोधली' म्हणून त्याचं नाव इतिहासात गेलं. त्याने काय केलं? रंगवलेल्या आकृतीवर आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली. नाव, खातं आणि हजेरी. ज्याने ती आकृती रंगवली त्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. लेण्यात तो उरला आहे तो त्याच्या रेघेने. पलटण 28 वी होती, हे मात्र आपल्याला पाठ आहे.

त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे. हा भाग ज्याने दान केला त्याची ओळख तिथं दिली आहे, वासिठीपुत कटहादी. म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. सातवाहनांचा गौतमीपुत्र याच चालीचा. आणि आपल्या सरकारने कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक केलं ते 2024 साली. आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. उत्तमच झालं. पण शेवटी आडनाव आहेच, टपरीवरच्या गृहस्थांची गैरसोय नको.

अशीच एक उत्तम गोष्ट 2020 च्या डिसेंबरमध्ये झाली. वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. समतानगर म्हणा, क्रांतीनगर म्हणा. लोक म्हणतातही. "कुठे राहता?" "समतानगर." मग विचारणारा आवाज खाली आणतो, "म्हणजे पूर्वीचा..." आणि पुढचं पुटपुटतो. नवी पाटी वाचायला आपल्याला जुनी लागतेच.

घाटावरच्या त्या अजिंठा गावात एक कबर आहे. पारोची. मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं इथेच राहिला. पारो इथल्याच मातीतली. 23 मे 1856 रोजी ती गेली. गिलने कबरीच्या दगडावर लिहिलं ते इतकंच, की ही माझी लाडकी पारो, आणि गेल्याची तारीख. कुणाची मुलगी, कुठली, कोणात मोडते, काय खाते, यातलं काही नाही. आपले चारही प्रश्न त्या दगडापाशी नापास. नंतर तिच्यावर काव्य झालं, सिनेमा निघाला आणि ती 'चित्रकाराची प्रेयसी' झाली. म्हणजे पुन्हा कुणाची तरी कुणीतरी. गिलच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. दगडावरची पारो राहिली.

ते काव्य लिहिलं ना. धों. महानोरांनी. पळसखेड्याचे, म्हणजे फर्दापूरच्याच सोयगाव तालुक्यातले. आपण त्यांना 'रानकवी' म्हणून मोकळे झालो. या रानकवीने कादंबरी लिहिली, सिनेमाची गाणी लिहिली, स्वतः शेती केली, पाणी अडवलं, विधान परिषदेत जाऊन पाण्यावर आणि शेतीवर बोलला. पण 'रानकवी' म्हटलं की सोय होते. कवितेला टाळी द्यायची आणि पाण्यावर काय म्हणाला ते कवीचं बोलणं म्हणून सोडून द्यायचं. शिवीचा शिक्का निदान बोचतो तरी. कौतुकाचा शिक्का शालीतून येतो, त्यामुळे गळ्याभोवती आवळला तरी खांद्यावर घातल्यासारखा वाटतो.

खाली फाट्यावर आलो. सकाळचा फेरीवाला वाटच पाहत होता. हातात गारगोटी, बाहेरून मातकट आणि फोडली तर आत स्फटिक. इथे स्तंभलेखकाने माणसाच्या अंतरंगावर चार ओळी लिहायच्या असतात. मी लिहीत नाही, कारण तीनशेची म्हणून सांगितलेली गारगोटी त्याने शंभरला दिली आणि माझ्या मते ती तेव्हाही महाग पडली.

पोरगा हुशार. तीन भाषा, मोबाईलवर हिशेब, बोलण्यात घोळ नाही. मला कौतुक वाटलं. दिवसभर मी पाट्या वाचत हिंडलो होतो आणि साहेबांना, पंडितांना, सरकारला मनातल्या मनात चिमटे काढले होते. नोट पुढे करता करता मी सहज म्हटलं,

"छान बोलतोस रे. आडनाव काय तुझं?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाण सुटला होता आणि सुटला होता माझ्याच भात्यातून. माझ्याही मेंदूत ती टपरी आहे, बशीसकट.

पोराने नोट उजेडात धरून पाहिली. गांधीजींची खात्री पटल्यावर ती खिशात घातली आणि म्हणाला, "दुकानाचा नंबर ध्यानात ठेवा साहेब. आडनावाने इथं काही सापडत नाही."

तेव्हा वाचकहो, एक विनंती. स्वतःची ओळख जपा, शिक्के झुगारा, आपल्यासारखे आपणच व्हा, असं भिंतीवरचे सुविचार सांगतातच. ते राहू द्या, झेपेल तेव्हा करा. आधी सोपं काम करा. प्रवासात शेजारी कुणी बसलं आणि त्याने फक्त नाव सांगितलं, तर तेवढ्यावर भागवा. पूर्ण विचारू नका. चहा विचारा.