मालकांचा माइक चालू करा

कामगारांच्या मालकीवर परिषद भरते आणि तिथे कामगारालाच बोलायला मिळत नाही. मग ती परिषद कोणासाठी?

गेल्या आठवड्यात अशा एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदेला हजर होतो. विषय कर्मचाऱ्यांच्या मालकीचे उद्योग. आयोजक अमेरिकेतले, म्हणजे तिकडची सकाळ आणि आपली रात्र. पडद्यावर वकील आले, भागांचं मूल्यांकन करणारे आले, कर्ज देणाऱ्या बँकांची माणसं आली. कंपनी विकून निवृत्त होऊ पाहणाऱ्या उद्योजकासाठी करसवलतींचा तक्ताही आला. ज्यांच्या नावावर ही मालकी व्हायची, ते यंत्रावरचे, गोदामातले, ट्रक चालवणारे लोक चॅटच्या पट्टीत होते. त्यांचे माइक आयोजकांनी बंद ठेवले होते. त्यांच्या प्रश्नांपैकी बरेचसे वेळेअभावी तसेच राहिले.

याचा राग यायलाच हवा. अमेरिकेत अशा परिषदा एरवी लास व्हेगाससारख्या शहरांतल्या बड्या हॉटेलांत भरतात. विमानाचं तिकीट, खोलीचं भाडं, नोंदणीची फी एवढा खर्च करून कंपनी पाठवते कोणाला? वित्त अधिकाऱ्याला आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाला. परिषद ऑनलाइन झाली की हा खर्चच उरत नाही. पाळी संपवून घरी आलेला माणूस मोबाइलवर बसू शकतो. केरळचा गवंडी, पुण्याची कचरावेचक आणि ओहायोचा वेल्डर एका पडद्यावर येऊ शकतात. तंत्रज्ञानाने दार उघडलं आणि कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्यांनी ते पुन्हा लावून घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नुसता भाग नावावर केल्याने कोणी मालक होत नाही. हिशेब बघता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि त्यावर मत देता आलं पाहिजे. यातलं एक जरी वगळलं तरी उरतो तो फक्त बोनस.

अमेरिकेचंच बघा. लुई केल्सो या वकिलाने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या एका वृत्तपत्र कंपनीत पहिला प्रयोग केला. मालकांना निवृत्त व्हायचं होतं, कर्मचाऱ्यांकडे पैसे नव्हते. केल्सोने तोडगा काढला. कर्मचाऱ्यांसाठी एक विश्वस्त निधी उभारायचा, त्याने भाग विकत घ्यायचे आणि त्याचं कर्ज कंपनीच्या पुढच्या नफ्यातून फेडायचं. कर्मचाऱ्याने खिशातून एक पैसाही घालायचा नाही. १९७४ च्या निवृत्तिवेतन कायद्याने या योजनेला भक्कम आधार दिला. आज तिथे अशा सुमारे साडेसहा हजार योजना आहेत आणि दीड कोटीच्या आसपास लोक त्यांत आहेत. नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना कंपनी त्यांचे भाग परत विकत घेते. साध्या कारखान्यातला माणूस यातून बरी पुंजी घेऊन घरी जातो. हे मोठं काम आहे आणि त्याला मी मनापासून दाद देतो.

पण भाग असतात विश्वस्ताच्या ताब्यात. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीत कायद्याने कर्मचाऱ्याचं मत घ्यावं लागतं ते विलीनीकरण, विसर्जन, जवळजवळ सगळी मालमत्ता विकणं अशा मोजक्या प्रसंगी. संचालक कोण असावेत, हे बहुतेक ठिकाणी तो ठरवत नाही. सातबाऱ्यावर नाव त्याचं आणि वहिवाट दुसऱ्याची.

याची किंमत काय असते, ते युनायटेड एअरलाइन्सने दाखवलं. १९९४ मध्ये वैमानिकांनी आणि यंत्रज्ञांनी पगारकपात सोसली आणि त्या बदल्यात कर्मचाऱ्यांना कंपनीचा सुमारे ५५ टक्के हिस्सा मिळाला. हवाई सेविका त्या करारात नव्हत्याच. संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांना थोड्या जागा मिळाल्या, कारभाराची रीत मात्र जुनीच राहिली. २००० च्या उन्हाळ्यात वैमानिकांनी जादा काम नाकारलं, उड्डाणं रद्द होत राहिली. मालक आणि व्यवस्थापन समोरासमोर उभे ठाकले होते. पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरचा दहशतवादी हल्ला झाला, विमानधंदाच कोसळला आणि डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्मचाऱ्यांचे भाग कवडीमोल झाले.

याउलट मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमधला इंजिनांची पुनर्बांधणी करणारा कारखाना बघा. १९८३ मध्ये जॅक स्टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून विकत घेतला. स्वतःचे एक लाख डॉलर आणि कर्ज ८९ लाख डॉलर. एक चूक झाली असती तर सगळं संपलं असतं. त्यांनी कंपनीचे आकडे कामगारांसमोर उघडे ठेवले आणि त्यांना ताळेबंद वाचायला शिकवलं. आपल्या हातून वाया गेलेला सुटा भाग नफ्यातून किती पैसे खातो, हे यंत्रावरच्या माणसाला कळू लागलं. कारखाना तगला आणि वाढला. परिषदेत तासभर द्यायला हवा होता तो या धड्याला.

आणि मतदानाचा धडा स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या माँड्रागॉनकडून घ्यावा. होसे मारिया अरिझमेंदियारिएता या धर्मगुरूने तिथे १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली. तिच्यातून शिकून निघालेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये पहिला कारखाना उभा केला. तिथला नियम एकच, भांडवल कितीही असो, माणशी एक मत. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा पगार यांतलं अंतरही सभासदच ठरवतात, आणि ते साधारण सहापट असतं. २०१३ मध्ये समूहातली सर्वांत जुनी शाखा, घरगुती उपकरणं बनवणारी फागोर, बुडाली. सभासदांची त्यातली गुंतवणूक गेली. पण बहुतेकांना समूहातल्या दुसऱ्या सहकारी संस्थांनी काम दिलं किंवा लवकर निवृत्तीची सोय केली. बुडताना माणसाला रस्त्यावर न सोडणं हे त्या एका मताचं फळ आहे. माँड्रागॉनच्या परदेशी उपकंपन्यांतले बहुतेक कामगार मात्र आजही सभासद नाहीत. तिथे त्यांनाही स्वतःचंच तत्त्व लावावं लागेल.

आता आपल्या घरात बघू. महाराष्ट्र सहकाराचं राज्य म्हणवतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये प्रवरानगरला उभा केलेला साखर कारखाना ही आपली अभिमानाची खूण, आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्या कारखान्यांचा मालक ऊस पिकवणारा आहे. ऊस तोडणारा नाही. बीडहून निघालेलं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं, त्या दोघांचा मिळून एक कोयता होतो, आणि हंगाम संपला तरी कधी कधी उचल फिटत नाही. ज्या उसावर राज्याचा सहकार उभा राहिला, त्याला पहिला हात लावणाऱ्याला त्या सहकारात भाग नाही, मत नाही, हिशेब तर नाहीच. सत्तर वर्षांहून अधिक काळ आपण ही गोष्ट बाजूला ठेवली आहे.

मजूर सहकारी संस्थांचं तर याहून वाईट. ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत त्यांना राखीव वाटा मिळतो. कल्पना उत्तम होती. मजुरांनी एकत्र यावं, ठेकेदाराला वगळावं आणि नफा आपसांत वाटावा. प्रत्यक्षात कित्येक संस्थांत यादी मजुरांची, ठेका भलत्याचाच आणि गाडी पुढाऱ्याच्या दारात. तालुक्याच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

हीच कल्पना केरळात खरी झाली. वडकराजवळ १९२५ मध्ये समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या प्रेरणेने, ज्यांना जमीनदार काम देईनात अशा मजुरांनी संस्था काढली. सुरुवातीला सभासद अवघे चौदा. आज ती उरालुंगल मजूर कंत्राट सहकारी संस्था रस्ते बांधते, पूल बांधते, कोझिकोडला तिने सायबर पार्क उभारलं आहे. संचालक मंडळ मजुरांमधूनच निवडून येतं. शंभर वर्षं टिकली, कारण सभासद खरे होते.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. ती दुर्मीळ आहेत, पण खणखणीत आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज लिज्जतच्या सुमारे ४५ हजार सभासद बहिणी आहेत. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड जमा केले की वणई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात. सभासद फक्त बायका, आणि प्रत्येक सभासद मालक. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. घरोघरचा कचरा गोळा करणारी बाई तिथे सभासद आहे, तिची कमाई थेट घरांकडून येते. तरीही कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली की खासगी ठेकेदाराची चर्चा सुरू होते. शहर रोज सकाळी जिच्या हातावर चालतं, तिला आपलं काम पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. हे लाजिरवाणं आहे.

कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज आठवा. १९८५ मध्ये बंद पडलेला तो कारखाना चालवायला घेण्याची कामगारांची योजना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य झाली. कामगारांनी सहकारी संस्था काढून कंपनी ताब्यात घेतली आणि भट्ट्या पुन्हा पेटवल्या. पुढे कारखाना पुन्हा अडचणीत आला, म्हणून कामगारांना कारखाना चालवता येत नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्या काळात बुडवलेल्या खासगी गिरण्यांची यादीही समोर ठेवावी. गिरणी बुडाली तेव्हा मालकांना गिरण्या चालवता येत नाहीत, असं कोणी म्हटलं नाही.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतल्या तरुणांनाही एक सांगायचं आहे. नोकरीच्या पत्रात पगारापुढे भागांचा आकडा दिसला की हुरळून जाऊ नका. तो पुढे भाग घेण्याचा हक्क आहे, भाग अजून हातात नाही. घेताना त्या दिवशीची किंमत आणि तुम्ही मोजलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा आयकर लागतो, विकायला गिऱ्हाईक असो वा नसो. ठरावीक पात्र स्टार्टअपना २०२० पासून हा कर पुढे ढकलण्याची मुभा आहे, तुमची कंपनी त्यात बसते का ते आधी विचारा. कंपनीचे एकूण भाग किती, नोकरी सोडल्यावर ते घ्यायला मुदत किती, हेही विचारा. उत्तर देत नसतील, तर तुम्हाला मालक करण्याचा त्यांचा विचार नाही.

मग काय करायचं? ऑनलाइन परिषद मराठीतून भरवायची. वेळ संध्याकाळची, काम आटोपल्यावरची. नोंदणी फुकट. पहिलं सत्र ताळेबंद वाचायचं, आणि शिकवणारी लिज्जतच्या शाखेत रोजचा हिशेब बघणारी बहीण. दुसरं सत्र ‘स्वच्छ’च्या सभासदांचं, महापालिकेशी करार कसा करायचा यावर. तिसरं उरालुंगलच्या गवंड्याचं, मल्याळममधून. व्हिडिओ परिषदेत दुभाष्याची वेगळी वाहिनी लावता येते, ती लावा. वकील आणि सनदी लेखापाल जरूर बोलवा. त्यांची गरज आहे, पण त्यांनी कामगारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. आणि ध्वनिमुद्रण व्हॉट्सअॅपवर जाईल एवढ्या छोट्या तुकड्यांत करा, म्हणजे उसाच्या फडावरही पोहोचेल.

सहकार खात्यालाही एक काम. मजूर संस्थांच्या वार्षिक सभा ऑनलाइनही घ्यायला लावा. प्रत्येक सभासदाने कॅमेऱ्यासमोर येऊन आपलं नाव, वर्षभरात कुठे काम केलं आणि किती मजुरी मिळाली एवढंच सांगावं. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्यासाठी ग्रामपंचायतीत सोय करा. सभेचं चित्रण सगळ्यांना बघायला खुलं ठेवा. ज्या संस्थेला आपले मजूर दाखवता येणार नाहीत, तिचा राखीव वाटा काढा आणि ज्या संस्थेला दाखवता येतील तिला द्या. यासाठी नव्या योजनेची गरज नाही. फक्त माइक कोणाच्या हातात द्यायचा, ते ठरवायचं आहे.