श्रद्धेची पायपीट, कॅमेऱ्यासमोर

बीबीसीने २०१८ साली ‘पिलग्रिमेज’ ही मालिका सुरू केली, तेव्हा स्पेनमधील सांतियागोच्या वाटेवर धाडलेल्या सात नामवंतांत भाविक, नास्तिक आणि ‘अजून ठरलेले नाही’ म्हणणारे यांची भरती फोडणीच्या जिनसांसारखी मोजूनमापून केलेली होती. सगळेच भाविक निघाले असते तर वाद कोणी घालायचा, हा प्रश्न निर्मात्यांना परमेश्वराच्या अस्तित्वाहून अधिक जिव्हाळ्याचा असावा. फ्रान्सच्या सीमेपासून निघणारी ही प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरची असून ती चालण्यास महिनाभर तरी लागतो. मालिकेने ती तासातासाच्या तीन भागांत बसवली. यात्रेकरूजवळ ‘क्रेदेन्सियाल’, म्हणजे मुक्कामागणिक शिक्के घेण्याची पुस्तिका, असते आणि किमान शंभर किलोमीटर पायी चालल्याची तिच्यावरून खात्री पटल्यावरच चर्च ‘कॉम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र देते. दूरचित्रवाणीची अट याहून सौम्य आहे: एक फोड, एक भांडण आणि मावळत्या उन्हात डोळ्यांत आलेले पाणी एवढ्यावर तिचे समाधान होते. पुढे रोम झाले, इस्तंबूल झाले. वाटा बदलल्या, मात्र रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर ‘तुझा देव नेमका कोणता?’ हा प्रश्न वाइनच्या दुसऱ्या पेल्याशीच येत राहिला. या साऱ्यांच्या पुढे, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन, चढावर बहुधा उलट्या पावलांनी चालणाऱ्या छायाचित्रकाराला मात्र त्याची श्रद्धा कोणीच विचारत नाही.