नाकाशेजारचे हितचिंतक

समस्त सल्लागार मंडळी,
मु. पो. माझ्या चेहऱ्याच्या आसपास,
यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेली अकरा वर्षं माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत आणि मिशीखाली जी लाली उठते आणि तिच्यावरून कोंड्यासारखे जे पापुद्रे सुटतात, त्यांच्याकडे आपण माझ्यापेक्षा जास्त लक्ष दिलंत. मी आरशात दिवसातून दोनदा बघतो. आपण तर मी भेटल्या भेटल्या बघता. ‘कसा आहेस?’ हा प्रश्न मला शेवटचा कधी विचारला गेला ते आठवत नाही. ‘हे काय झालंय?’ मात्र परवाच्या बारशातही तिघांनी विचारलं. एवढ्या आस्थेचे जाहीर आभार मानायचे राहून गेले होते.

पहिला मान आत्याचा. आत्या, तुमचं निदान सगळ्यांत खोल जाणारं होतं: ‘वहिनीने तान्हेपणी याची टाळू धड भरली नाही.’ म्हणजे सेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नाकाचा ठपका सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईवर. आईने त्यावर दोन दिवस अबोला धरला, तोही माझ्याशी. आता गंमत बघा. तान्ह्या बाळांच्या डोक्यावर पिवळट, चिकट खपली धरते ना, ती याच दुखण्याची धाकटी बहीण. बहुतेक बाळांची ती काही महिन्यांत आपसूक जाते. तेलाने खपली मऊ पडते हे खरं, पण नंतर ते तेल धुऊन काढायचं असतं. हा उत्तरार्ध तुम्ही सांगितला नाहीत आणि मी विचारला नाही. रोज रात्री चेहऱ्याला तेल चोळून झोपायला लागलो. आधी खोबरेल, मग तिळाचं, आणि शेवटी पुण्याच्या चुलतबहिणीने धाडलेलं, एकदम शुद्ध म्हणे, ऑलिव्ह ऑइल.

इथे या सगळ्या प्रकरणातल्या खऱ्या लाभार्थीची ओळख करून द्यायला हवी. तिचं नाव मालासेझिया. जातीची बुरशी, यीस्टच्या कुळातली. १८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाने कोंड्यात तिचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव तिला चिकटलं. माणसाच्या कोंड्यामुळे अजरामर होणं कोणाच्या नशिबी असेल सांगता येत नाही. ही बाई आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहते, आपल्याही, आणि तेलकट जागी जास्त रमते. २००७ साली तिच्या एका जातीचा जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा तिच्याकडे स्निग्धाम्लं तयार करण्याची सामग्रीच नाही असं दिसलं. थोडक्यात, घरी चूल नाही, बाहेरून डबा लागतो. डबा म्हणजे आपल्या कातडीतून पाझरणारं तेल. त्यातलं हवं ते ती खाते आणि ओलेइक आम्लासारखं नको ते ताटाबाहेर टाकते. हे उष्टं काहींच्या कातडीला झोंबतं. मी त्या काहींपैकी. तिचं तुमच्याशी पटतं, माझ्याशी पटत नाही, एवढाच काय तो फरक. मी अस्वच्छ आहे म्हणून ती आली नाही, आणि माझ्या टॉवेलवरून कोणाला काही लागतही नाही. (जेवणानंतर माझा नॅपकिन दोन बोटांच्या चिमटीत धरून परत करणारे भाऊजी, हे वाक्य खास आपल्यासाठी.)

तर प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर काय करतात? थाळीवर ऑलिव्ह ऑइलचा थर देतात. मी तोच उपक्रम तीन महिने घरच्या घरी राबवला. विनाअनुदानित कॉलेजात शिकवतो, तेव्हा विनाअनुदानित संशोधन करायला मला अवघड गेलं नाही. निकाल उत्तम लागला. लाली गालांवर उतरली.

लिंबूवाल्या काकू, आपल्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आठवलं की अजून चुरचुरतं. खरखरीत साबणाने दिवसातून पाच वेळा तोंड धुवायला सांगणारे शेजारी, आपलंही तसंच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून ‘ल्युपस तर नसेल?’ एवढंच लिहून झोपी गेलेला माझा शाळासोबती, तुझ्यामुळे मी एक रात्र जागून काढली. नंतर कळलं, ल्युपसची गालावरची लाली बहुधा नाकपुडीशेजारची घडी सोडून पसरते. माझी तर नेमकी त्या घडीतच बसलेली.

दादामामा, तुम्ही उष्णतेचे पुरस्कर्ते. ‘अंगात उष्णता आहे, वांगं बंद कर.’ खानदेशातल्या माणसाला वांगं बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, कारण तुम्हीही जळगावचेच. सहा महिने मी भरीत पंगतीत पुढे सरकवत राहिलो. वांग्याचा काहीही दोष नव्हता. आणि त्याच सुमारास मी वांगं सोडून वांगाचं क्रीम धरलं.

ती कथा कोपऱ्यावरच्या औषधवाल्या दादांची. दादा, तुम्ही माझ्याकडे नजर टाकलीत, मागे न वळता मागच्या फळीवरून एक ट्यूब काढलीत आणि म्हणालात, ‘वांगाचं आहे, पण सगळ्यावर चालतं. रात्री लावा, सकाळी बघा.’ सकाळी बघितलं. लाली गायब! तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला विचारलं गेलं, ‘कुठे बाहेरगावी जाऊन आलात का?’ अकरा वर्षांतले ते माझे सर्वांत देखणे आठ दिवस. ट्यूब थांबवली तशी लाली दुपटीने परतली. पुन्हा लावली, गेली. असं दीड वर्ष चाललं. मधल्या काळात गालाची कातडी इतकी पातळ झाली की बारीक रक्तवाहिन्या नकाशातल्या नद्यांसारख्या दिसू लागल्या. गरम चहाच्या वाफेनेही तोंड पेटायचं. ट्यूबमध्ये जोरकस स्टिरॉईड होतं. अशी मलमं २०१८ साली सरकारने ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसं छापलेलंही होतं, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात. आणि हा प्रकार आपल्याकडे इतका बोकाळला आहे की स्टिरॉईडने बिघडलेल्या चेहऱ्याला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी निदान म्हणून स्वतंत्र नावच देऊन टाकलं. म्हणजे मी एक आजार घेऊन दुकानात आलो आणि दोन घेऊन गेलो. दादा, सुटे नव्हते म्हणून तुम्ही वर एक गोळीही दिली होतीत, खोकल्याची.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी ती ट्यूब सोडवली. ते दोन महिने कसे गेले ते लिहीत नाही. मग म्हणाल्या, ‘सेबोरिक डर्मटायटिस. हे जाणार नाही, पण गप्प बसवता येतं.’ कीटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शाम्पू. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, बरं वाटलं की एकदा. डोक्याला, भुवयांना, मिशीला, नाकाच्या घडीत. डोळे सांभाळायचे, पाच मिनिटं फेस ठेवायचा, धुवायचा. एरवी सौम्य फेसवॉश, आणि तेलकट नसलेलं साधं मॉइश्चरायझर. संपलं. मी विचारलं, ‘पथ्य?’ त्या म्हणाल्या, ‘झोप पुरेशी घ्या.’ परीक्षेचे गठ्ठे तपासायच्या दिवसांत आणि नाशिकच्या जानेवारीत हे दुखणं डोकं वर काढतं, ते का, तेही मग उलगडलं. थंडी आणि जागरण, दोन्ही त्याला मानवतात.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आपली झालेली निराशा मी विसरणार नाही. ‘जाणार नाही म्हणजे? डॉक्टर बदल!’ आपल्याला काहीतरी मुळापासून हवं असतं. पंचवटीतला एक जण मुळापासून घालवतो, दिंडोरीतला एक जण कागदावर मंत्र लिहून मुळापासून घालवतो. दात रोज घासावे लागतात, म्हणून कोणी दातांचा डॉक्टर बदलत नाही. पण हे पटवण्याइतका वेळ आपल्याकडे कधी नसतो. आपला वेळ पुढचा उपाय सांगण्यात जातो.

माझ्याकडे मात्र वेळ आहे. दर रविवारी पाच मिनिटं. तोंडभर फेस, मिशा पांढऱ्या, न्हाणीघरात स्टुलावर बसायचं आणि गजर वाजायची वाट बघायची. वर्तमानपत्र भिजतं, मोबाईल हातातून निसटतो. म्हणून गुडघ्यावर वही ठेवून हे पत्र लिहायला घेतलं. आजचा हा नववा रविवार. अक्षर मध्येच फिसकटलं असेल तर तो फेसाचा थेंब आहे, भावना अनावर झाल्या असं समजू नये.

चेहरा बरा आहे. नाकाच्या डाव्या घडीत किंचित गुलाबी दिसतं, तेही कोणी सांगितलं तर. आत्याने मात्र बाहेरून हाक मारून सांगितलंय की त्यांच्या भिशीतल्या एका बाईंनी कोणता तरी पाला दिलाय, वाटून लावायचा, आणि त्या तो घेऊनच आल्या आहेत. त्यांना चहा द्यायला सांगितलाय. पाल्याचं काय करायचं ते

गजर वाजला. धुऊन येतो.